कोलकात्याचे मैदान आणि प्रशिक्षकाची खुर्ची

कोलकात्याच्या गजबजलेल्या एस्प्लनेड चौकातून पश्चिमेकडे वळले, की शहराचा कोलाहल एकाएकी मागे पडतो. समोर पसरलेली असते हिरवळ, आणि तिच्या पलीकडे, हुगळीच्या काठी, फोर्ट विल्यमचा किल्ला. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी हा किल्ला नव्याने बांधला, तेव्हा तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून भोवतालचे रान तोडून जमीन मोकळी करण्यात आली. त्या तोफांना लढाईत धडाडण्याची वेळ कधी आली नाही असे सांगतात. मोकळी जमीन मात्र राहिली. सुमारे ४०० हेक्टरांचे हेच ते कोलकात्याचे सुप्रसिद्ध मैदान. त्याची मालकी आजही लष्कराकडे आहे. महाराष्ट्रीय वाचकांना मौज वाटेल, की लष्कराने अलीकडे या किल्ल्याला ‘विजय दुर्ग’ असे नाव दिले, ते आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून.

बंगाली माणूस या जागेला ‘गडेर माठ’ म्हणतो. ‘गडेर’ म्हणजे गडाचा, आणि ‘माठ’ म्हणजे मैदान. आपल्याला माठ म्हटले की उन्हाळ्यातले गार पाणी आठवते. कोलकातेकराला आठवतो तो पावसाळ्यातला चिखल आणि त्यातून उसळणारा फुटबॉल. येथल्या स्थानिक लीगचा हंगाम परंपरेने पावसाळ्याचा. वर आभाळ गळत आहे, खाली घोट्यापर्यंत चिखल आहे, आणि लाकडी पायऱ्यांवर छत्र्यांची दाटी झाली आहे, हे या मैदानाचे जुने चित्र होय.

लष्कराच्या जमिनीवर पक्क्या इमारती उभारण्यास परवानगी नसल्यामुळे येथल्या क्लबांची कचेरी म्हणजे ‘तंबू’. आता त्यांत कापडाचे फारसे काही उरलेले नाही. छपरे आहेत, दिवाणखाने आहेत, चषकांची कपाटे आहेत, उपाहारगृहे आहेत. तरी नाव तंबूच. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तीन मोठ्या क्लबांचे तंबू एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तीर्थक्षेत्री जसा एका देवळाचा घंटानाद दुसऱ्या देवळात ऐकू यावा, तसा एका मैदानावरचा जल्लोष दुसऱ्या तंबूत ऐकू येतो, आणि तेथल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात.

या तंबूंच्या बाहेर, बाकांवर, झाडांच्या पारांवर आणि चहाच्या टपऱ्यांभोवती एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. सरकारे आली आणि गेली, नाणी बदलली, शहराचे नाव १ जानेवारी २००१ पासून कलकत्त्याचे कोलकाता झाले; पण हा वाद मिटला नाही. तो वाद असा: आपल्या संघाचा प्रशिक्षक बदलावा की बदलू नये?

घोटी, बांगाल आणि एक प्रश्न

हा वाद इतक्या पोटतिडकीने का घातला जातो, हे समजण्यासाठी प्रथम हे क्लब कोणाचे, ते समजून घेतले पाहिजे. मोहन बागानची स्थापना १८८९ मधली, उत्तर कलकत्त्यातली. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास २–१ असे हरविले. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले होते. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांच्या त्या दोन गोलांनी बंगालला जे दिले ते केवळ क्रीडाविजयाच्या मापाने मोजता येणारे नव्हते. परकी सत्तेला तिच्याच खेळात नमविता येते, याचा तो पुरावा होता.

ईस्ट बंगालचा जन्म १९२० मधला. जोडाबागान संघातून पूर्व बंगालच्या एका खेळाडूस वगळल्याचा राग येऊन सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि त्यांनी नवा क्लब काढला, असा त्याचा इतिहास आहे. पुढे १९४७ मध्ये फाळणी झाली. पद्मेपलीकडून लक्षावधी माणसे घरदार सोडून कलकत्त्यास आली. ज्यांचे गाव नकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेले, त्यांना गावाचे नाव ज्याच्या नावात आहे असा हा एक क्लब उरला. निर्वासितांच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला लाल-सोनेरी झेंड्याखाली आपले हरवलेले अंगण सापडले.

पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. घोटी मोहन बागानचा, बांगाल ईस्ट बंगालचा, अशी ढोबळ वाटणी झाली. विजयाच्या दिवशी मोहन बागानच्या घरी कोळंबी शिजते आणि ईस्ट बंगालच्या घरी इलिश मासा. इतिहासाला मात्र अशा वाटण्या मान्य नसतात. मोहन बागानचा सर्वांत लाडका बचावपटू, ‘चीनची भिंत’ म्हणून गाजलेला आणि १९६२ मध्ये पद्मश्रीने गौरविला गेलेला गोष्ठ पाल, हा जन्माने पूर्व बंगालचा. त्याचा पुतळा आज मोहन बागानच्या मैदानाजवळ उभा आहे. मोहम्मेडन स्पोर्टिंगची कथा निराळी. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकून या क्लबने मुस्लिम समाजाला अभिमानाचे स्थान दिले.

तेव्हा येथे संघ हरतो म्हणजे अकरा माणसे हरत नाहीत. आजोबांची आठवण हरते, पाड्याची इभ्रत हरते. (बंगालीत ‘पाडा’ म्हणजे मोहल्ला.) आणि आजोबांची आठवण ज्याच्या हाती सोपवायची, तो माणूस योग्य आहे की नाही, याबद्दल कोणी गप्प कसे बसावे?

तंबूबाहेरची सभा

सलग दोन-तीन सामने हातचे गेले, की त्या संध्याकाळी तंबूबाहेरची सभा ऐकण्यासारखी असते. मातीच्या इवल्याशा भांड्यातून चहा फिरतो. ‘घुगनी’ नावाची, आपल्या वाटाण्याच्या उसळीची बहीण शोभेल अशी चीज पानाच्या द्रोणातून येते. आतल्या उपाहारगृहातून मैदानाचा प्रसिद्ध ‘स्ट्यू’ आणि भाजलेला पाव यांचा वास दरवळतो. वडीलधाऱ्या गृहस्थास तरुण मंडळी ‘काकू’ अशी हाक मारतात, तेव्हा मराठी पाहुणा चमकून भोवती पाहतो. पण बंगालीत काकू म्हणजे काका. थोरला तो ‘दादा’. तेवढे मात्र आपल्यासारखेच.

सभेत तीन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणतो, प्रशिक्षक आजच्या आज गेला पाहिजे; संघात जीव नाही, बचाव उघडा पडतो, तोच तो खेळाडू आठवड्यामागून आठवडे उतरविला जातो, आणि शेवटच्या वीस मिनिटांत पळायला कोणाच्या पायांत त्राण राहत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, हंगामाच्या मध्यावर नावाडी बदलला तर होडी किनाऱ्याला लागेल कशी? नव्या माणसाला खेळाडूंची नावे पाठ होईपर्यंत निम्मे सामने संपतील. शिवाय खेळाडू निवडले कोणी, पैसे कोणी अडविले, सराव कोठे आणि किती मिळाला, याचा हिशेब प्रशिक्षकाकडे मागून काय उपयोग? तिसरा पक्ष वृद्धांचा. तो दोघांचेही ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, की प्रदीपदांच्या वेळी असे नव्हते.

प्रदीपदा म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी, सर्वांचे ‘पी. के.’. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकविजेत्या संघाचे आघाडीवीर, आणि पुढे प्रशिक्षक. सामन्यापूर्वी खेळाडूंना चेतविणारे त्यांचे भाषण ‘व्होकल टॉनिक’ या नावाने बंगालभर प्रसिद्ध झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी अमल दत्त. स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन त्यांनी प्रशिक्षणाचे शास्त्र शिकून घेतले, आणि ज्या काळी प्रशिक्षण हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो असे कोणास वाटत नव्हते त्या काळी त्यालाच वाहून घेतले. मौज अशी, की या दोघांनीही आयुष्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही संघांना शिकविले. ज्याला एका तंबूने निरोप दिला त्याचे दुसऱ्या तंबूने स्वागत केले, आणि काही वर्षांनी पहिल्यानेच परत बोलाविले.

पण प्रदीपदांच्या वेळी असे नव्हते, हे वृद्धांचे म्हणणे इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. १९७७ चे उदाहरण घ्यावे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५–० असा फडशा पाडला, तेव्हा विजयी संघाचे प्रशिक्षक पी. के. होते. पुढच्या हंगामात मोहन बागानने त्यांनाच आपल्याकडे आणले. १९७७ मध्ये नामांकित खेळाडूंनी भरलेला संघ त्यांच्या हाती होता. तरी लीग गेली ती ईस्ट बंगालकडे. पाठीराखे संतापले. एवढे खेळाडू देऊनही लीग मिळत नसेल तर प्रशिक्षक हवाच कशाला, हा प्रश्न तेव्हाही तंबूबाहेर विचारला गेला. क्लबने धीर धरला. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाशी मोहन बागानने २–२ अशी बरोबरी केली. त्याच मोसमात ईस्ट बंगालला हरवून शील्ड मिळविली, ड्युरँड चषक जिंकला, आणि मुंबईस येऊन रोव्हर्स चषकही नेला. मुंबईतील कूपरेज मैदानाच्या जुन्या प्रेक्षकांना त्या काळच्या रोव्हर्सची रंगत ठाऊक असेल. कलकत्त्याचे संघ आले की येथेही वातावरण तापत असे. ज्या माणसाला घालवायला निघाले होते, त्यानेच वर्ष संपेपर्यंत तीन मानाचे चषक कपाटात ठेवले.

एक लाख एकतीस हजारांची दुपार

या मैदानाबाहेर, शहराच्या पूर्वेस सॉल्ट लेकमध्ये १९८४ मध्ये एक विशाल क्रीडांगण उभे राहिले. आज हुगळीच्या पात्राखालून आलेली भुयारी रेल्वे हावड्याहून थेट त्याच्या जवळ पोचते. आसनांची फेररचना झाल्यापासून तेथे पूर्वीइतके प्रेक्षक मावत नाहीत. पण १३ जुलै १९९७ रोजी मावले होते. फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्याला त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षक हजर होते. भारतीय फुटबॉलमधला तो आजवरचा उच्चांक आहे.

त्या दिवसाचे वैशिष्ट्य असे, की लोक खेळाडूंइतकेच दोन प्रशिक्षकांना पाहायला आले होते. मोहन बागानकडे अमल दत्त, ईस्ट बंगालकडे पी. के. अमलबाबूंनी ‘डायमंड’ नावाची आक्रमक रचना बसविली होती. तिच्या बळावर त्यांच्या संघाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६–० असा धुव्वा उडविला होता. सामन्यापूर्वी त्यांनी प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नावांवर जाहीर कोट्या केल्या. वर्तमानपत्रांना पर्वणी झाली. प्रत्यक्षात ईस्ट बंगाल ४–१ असे जिंकले. त्यांतले तीन गोल भायचुंग भुतियाचे.

दुसऱ्या दिवशी अमलबाबूंच्या ‘हिऱ्या’ची शहरभर काच झाली. पण कथा तेथे संपत नाही. ज्यांनी हा ऐतिहासिक सामना जिंकला, त्या ईस्ट बंगालला अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने हरविले आणि चषक पश्चिम किनाऱ्यावर आला. एका दुपारीवरून प्रशिक्षकाचे मोल ठरविणाऱ्यांनी हा शेवट विसरू नये. अमल दत्त २०१६ मध्ये आणि पी. के. २०२० मध्ये निवर्तले, तेव्हा मात्र दोन्ही रंगांचे झेंडे सारखेच खाली आले होते. ज्यांना घालवा म्हणून ओरडलो, त्यांच्यासाठी रडणे ही या शहराची रीतच आहे.

धीर, बदल आणि निरोप

मग खरे उत्तर काय? प्रशिक्षक बदलावा की नाही? अलीकडच्या काही वर्षांचा ताळेबंद मांडून पाहिला, तर दोन्ही पक्षांना आपापले पुरावे सापडतात.

धीर धरण्याच्या बाजूने कीबू विकुन्या यांचे नाव निघते. हे स्पॅनिश गृहस्थ २०१९ मध्ये मोहन बागानकडे आले. ऑगस्टमध्ये कोलकात्यातच झालेल्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात केरळच्या गोकुलम संघाने त्यांना २–१ असे हरविले. स्थानिक लीगही त्या वर्षी पीयरलेस नावाच्या छोट्या क्लबने नेली. दोन्ही चषक हुकल्यावर तंबूबाहेर काय बोलले गेले असेल, याची कल्पना वाचक करू शकतील. परंतु विकुन्या राहिले, आणि १० मार्च २०२० रोजी चार सामने शिल्लक असतानाच त्यांच्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली.

बदलाच्या बाजूने नाव निघते अंतोनियो हबास यांचे. मोहन बागानचे त्या वेळचे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी मार्च २०२३ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, इंडियन सुपर लीगचा चषक जिंकून दिला होता. सप्टेंबरमध्ये ड्युरँडही मिळविला होता. डिसेंबरमध्ये संघ लीगचे तीन सामने ओळीने हरला, आणि जानेवारी २०२४ च्या आरंभी फेरांडो गेले. हबास आले. १५ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सिटी संघास २–१ असे हरवून मोहन बागानने लीगमधील पहिल्या क्रमांकाची ढाल प्रथमच मिळविली. बदल फळास आला. मात्र हबासही पुढच्या हंगामास राहिले नाहीत.

उलट ईस्ट बंगालचे पाहावे. कार्लेस कुआद्रात यांच्या हाताखाली या संघाने २८ जानेवारी २०२४ रोजी भुवनेश्वर येथे सुपर चषक जिंकला. बारा वर्षांनंतर राष्ट्रीय पातळीवरचे यश मिळाले म्हणून शहरात मिरवणूक निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, नव्या लीगमधील पहिले तीन सामने हरताच, कुआद्रात पायउतार झाले. कृतज्ञतेचे आयुष्य आठ महिने ठरले. नवा माणूस आला, तरीही त्या हंगामात संघाला पहिल्या सहांत स्थान मिळाले नाही.

या सर्वांहून बोलकी कथा संजय सेन यांची. ते परदेशी नव्हते, याच मातीतले. डिसेंबर २०१४ मध्ये सुभाष भौमिक यांच्या जागी मोहन बागानने त्यांना आणले. ३१ मे २०१५ रोजी बेंगळुरूच्या श्रीकंठीरव क्रीडांगणावर निर्णायक सामना होता. मोहन बागानला बरोबरी पुरेशी होती, पण बेंगळुरूने आघाडी घेतली. सामना संपण्यास तीन मिनिटे उरली असताना बेलो रझाक या बचावपटूने कॉर्नरवर डोक्याने गोल केला आणि तेरा वर्षांनंतर राष्ट्रीय विजेतेपद मोहन बागानकडे आले. पुढच्या वर्षी फेडरेशन चषक मिळाला. शिवाय दोनदा लीगमध्ये दुसरा क्रमांक.

२ जानेवारी २०१८ रोजी मोहन बागान आपल्याच मैदानावर चेन्नई सिटीकडून २–१ असे हरले. आपल्याच पाठीराख्यांच्या तोंडून ‘परत जा’ अशा आरोळ्या आणि शिव्याशाप ऐकून त्याच संध्याकाळी संजय सेन यांनी पद सोडले. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांच्या नावाने गुलाल उधळला, त्यांतले कितीतरी त्या आरोळ्यांतही असतील.

सेन यांनी फुटबॉल सोडला नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे संतोष चषकाचा अंतिम सामना झाला. बंगाल आणि केरळ गोलशून्य बरोबरीत होते. भरपाईच्या वेळेत रबी हांसदा याने गोल केला आणि बंगालने हा चषक ३३ व्या वेळी जिंकला. बंगालचे प्रशिक्षक होते संजय सेन. त्या रात्री त्यांचे कौतुक करताना कोणी तंबू विचारला नाही.

आवाज हीच मालकी

प्रत्येक पराभवानंतर प्रशिक्षकच का पुढे येतो, याचे कारण फार गूढ नाही. पंचवीस-तीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत. पैसा देणारा बदलता येत नाही. व्यवस्थापक मंडळ निवडणुकीखेरीज हलत नाही. एकटा प्रशिक्षक तेवढा दिसतो, सापडतो आणि जाऊ शकतो. घरात दूध उतू गेले की सुनेला बोल लागावा, तसे हे आहे. चूल कोणी पेटविली आणि भांडे कोणी निवडले, ते मागाहून.

शिवाय आज क्लबची मालकीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल संघाचा मोठा हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि संघाच्या नावाआधी दुसऱ्याच क्लबचे नाव लागले. ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांनी जुलै २०२१ मध्ये भांडवलदार कंपनीबरोबरच्या कराराच्या प्रश्नावर तंबूसमोर निदर्शने केली आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ज्याच्याकडे ना भाग आहेत ना मत, त्या सामान्य पाठीराख्याकडे उरतो तो केवळ आवाज. तो आवाज अगदीच निष्फळ असतो असे नाही. मोहन बागानच्या नावातील ते उसने अक्षर काढून टाका, ही मागणी पाठीराख्यांनी इतकी लावून धरली, की मार्च २०२३ मध्ये गोव्यातील विजयाच्या रात्रीच नाव बदलल्याची घोषणा मालकांना करावी लागली. प्रशिक्षकाविषयीचा वाद हा या आवाजाचाच एक रियाज आहे. क्लब अजून आमचा आहे, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगण्याचा तो मार्ग आहे. म्हणून त्याला केवळ रिकामटेकड्यांची बडबड म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु आवाजाला मर्यादा नसली म्हणजे काय होते, हेही याच मैदानाने पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ जण प्राणास मुकले. खेळ पाहून संध्याकाळी घरी परतणारी ती मुले होती. तेव्हापासून दरवर्षी १६ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ येथे रक्तदान केले जाते. मैदानावर सांडलेल्या रक्ताची परतफेड रक्त देऊन करणाऱ्या या लोकांच्या मनाचा मोठेपणा मान्यच केला पाहिजे. १८ ऑगस्ट २०२४ रोजी, एका तरुण डॉक्टर स्त्रीच्या हत्येने शहर हादरले असताना ड्युरँडमधील दोन संघांचा सामना रद्द झाला; तेव्हा तिन्ही क्लबांचे पाठीराखे आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर एकत्र उभे राहिले आणि न्याय मागू लागले. हाच तो गळा. एरवी परस्परांना लाखोली वाहणारा.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. पेठेचा संघ हरला की तिथल्या कट्ट्यावरही रात्रभर शवविच्छेदन चालते. खेळ जेथे घरचा होतो, तेथे पराभव घरात शिरतो आणि मग घरातल्यासारखेच भांडण होते. फरक इतकाच करावा, की घरातले भांडण घराला शोभेल असे असावे.

प्रशिक्षक बदलावा की न बदलावा, याला इतिहासापाशी एकच एक उत्तर नाही. कधी धीराला फळ आले, कधी बदलाला; कधी दोन्ही वाया गेले. म्हणून तो वाद खुशाल चालू द्यावा. त्यावाचून संध्याकाळच्या चहाला चव येणार नाही. पण जाणाऱ्या माणसाला निरोप कसा द्यावा, याबद्दल मात्र वाद असू नये. ज्याने एकदा आपल्या दारी विजय आणला, त्याला शिवी ऐकत दाराबाहेर पडावे लागू नये. प्रशिक्षकाची खुर्ची क्लबने दिलेली असते, ती क्लबने काढून घ्यावी. त्याचा मान क्लबने दिलेला नसतो.

पावसाळ्यात कोलकात्यास जाण्याचा योग आला, तर व्हिक्टोरिया स्मारक आणि हावडा पूल पाहून झाल्यावर एक संध्याकाळ गडेर माठासाठी राखून ठेवावी. एस्प्लनेडहून चालत जावे, छत्री बरोबर असावी, आणि कोणत्या संघाचे पाठीराखे आहात असे विचारले गेलेच, तर आपण केवळ चहा प्यायला आलो आहोत असे सांगावे. त्याने कोणाचेही समाधान होणार नाही. पण भांड्यातला चहा मिळेल, शेजारच्या बाकावर जागाही मिळेल, आणि प्रशिक्षक राहावा की जावा याबद्दल आपले मत काय, हे पाच मिनिटांच्या आत विचारले जाईल.